नवऱ्याच्या नावाची सही

माझ्या नवऱ्याची सही मी त्याच्यापेक्षा बरी करते. तो फौजेत होता, आणि त्याच्या नोकरीची बहुतेक वर्षं घरच्या कागदांवर त्याच्या नावानं मीच वळणदार सही ठोकत आले. गॅसचं कनेक्शन, सोसायटीचा अर्ज, पोरीच्या शाळेचे कागद, विहिरीवरच्या मोटारीचा मीटर. खिडकीपलीकडचा कारकून विचारायचा, साहेब स्वतः आले नाहीत का. मी म्हणायचे, साहेब बॉर्डरवर आहेत, सही आहे ना खाली. त्यावर कुणी पुढं बोलत नसे. आमच्या गावात फौजींच्या बायका आम्ही सात-आठ जणी, सगळ्यांचं हेच. एकीच्या नवऱ्याची सही दर कागदावर वेगळी निघायची. तिला आम्ही म्हणायचो, बाई गं, तुझे नवरे नक्की किती, ते एकदा ठरव.

आता ही गंमत सांगायला मजा येत नाही. पण सांगायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माहेर असोद्याचं, सासर सोनगीरच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं की लागतं ते गाव. नोकरीची पहिली वर्षं धरणगाव तालुक्यात गेली, मग बदली होऊन धुळ्याकडे आले आणि पोरीच्या शिक्षणासाठी शहरातल्या देवपुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नवरा वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचा. आला की पहिले दोन दिवस झोपायचा, मग कूलर, नळ, सायकल जे हाती लागेल ते उघडून बसायचा. बोलायचा कमी. मी दिवसभर चाळीस पोरांपुढे बोलून आलेली असायचे, त्यामुळे मलाही ते बरंच वाटायचं.

त्याच्याच पलटणीत त्याचा चुलतभाऊ होता, म्हणजे माझा चुलतदीर. वयानं सहा वर्षांनी लहान. त्याच्या वडलांना, माझ्या चुलतसासऱ्यांना, सगळं गाव आबा म्हणतं. आबांनी पोराला भरतीला पाठवलं ते माझ्या नवऱ्याच्या भरवशावर. तोंडानं तसं म्हणालेही होते, तू शेस ना तठे, मग माले घोर नही. दीर स्वभावानं हसरा. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा शाळकरी होता आणि माझी ट्रंक डोक्यावर घेऊन एसटी स्टँडपासून घरापर्यंत नाचत आला होता. असोद्याची वांगी आणून मी भरीत केलं की माझ्याकडे बघत बघत दोन भाकरी जास्त खायचा, आणि वर म्हणायचा, वहिनी, भरीत ठीक होतं, भाकरी कडक होती. मला तो आवडायचा. हे लिहून ठेवते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात तो वाईट दिसेल, आणि तो नुसता वाईट नव्हता.

त्या वर्षी सीमेवर चकमकी चालू होत्या. टीव्हीवर रोज नकाशे आणि बाण. आमच्या स्टाफरूममध्ये ज्यांनी कधी गुलेल हातात धरली नाही ते गुरुजी तोफांची रेंज सांगायचे. नवरा आणि दीर ज्या चौकीवर होते तिथली दोन पोरं एका दिवसात गेली. त्यातलं एक दिराच्या बाजूच्या खाटेवर झोपणारं. त्यानंतर तीन दिवसांनी त्यांच्या तुकडीनं नाल्याजवळ एक माणूस पकडला. पन्नाशीचा, दोन खेचरं बरोबर, वाट चुकलो म्हणत होता. खरंच वाट चुकला होता की हेर होता, ते कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला खाली पाठवून पोलिसांच्या ताब्यात द्यायचं होतं, तोवर हात पाठीमागे बांधून दगडी कोठीत बसवला. पहाऱ्यावर दीर. दुपारी माझा नवरा चहाची किटली घेऊन तिकडे गेला. दारापासून दहा पावलांवर असताना त्यानं पाहिलं की तो माणूस खाली मान घालून बसला आहे आणि दीर त्याच्यासमोर उभा आहे. मग गोळी सुटली.

कागदावर आलं ते असं, की कैद्यानं रायफल हिसकावून पळायचा प्रयत्न केला. हात मागे बांधलेला माणूस रायफल कशी हिसकावतो, हे काही दिवस कुणी विचारलं नाही. मग प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरनं मनगटांवरचे दोरीचे वळ नोंदवले, आणि विचारणं सुरू झालं. माझ्या नवऱ्याला विचारलं तेव्हा त्यानं पाहिलं ते सांगितलं. कुणी दबाव आणला नव्हता, कुणी आमिष दाखवलं नव्हतं. विचारलं, म्हणून सांगितलं.

मला हे सगळं सुट्टीत कळलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. मी त्याला सरळ म्हटलं होतं की ती लढाई होती, समोर शत्रू होता, मग यात कोर्ट कुठून आलं? त्यानं मला मी चौथीतल्या पोराला समजावते तसं समजावलं. समोर बंदूक घेऊन आहे तोवर तो शत्रू. हात बांधून आपल्या कोठीत बसवला की तो आपल्याकडची ठेव. ती जशी घेतली तशी पुढं सोपवायची. लढाई चालू असो नाहीतर नसो, त्याला मारलं तर तो खून, आणि खुनाला फौजेतही खूनच म्हणतात. फौजेचं कोर्ट फौजेचंच असतं. अधिकारी न्यायाला बसतात, कायदा सांगायला एक वेगळा अधिकारी, आरोपीला वकील, साक्षीदाराला शपथ. आणि त्यांनी दिलेला निकालही वरच्या साहेबानं मान्य केल्यावरच पक्का. आधी चौकशी, मग जबाब, मग कोर्ट. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथं दोन वर्षं गेली.

त्या दोन वर्षांत गावात आमचं जाणं अवघड झालं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. भाऊबंदांपैकी तोंडावर कुणी काही बोलत नसे, पण मी ओट्यावर बसले की बायका उठून कणगीत काहीतरी शोधायला जायच्या. एका लग्नात हळदीला मला कुणी हाक मारली नाही. त्या माणसाचं, खेचरवाल्याचं, नाव गावात कुणालाच माहीत नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. गावाचा हिशेब सोपा होता. आपला पोरगा एका परक्यापायी जेलात जाणार, आणि तोही घरच्याच माणसाच्या तोंडानं. खरं सांगू, माझाही हिशेब याहून फार वेगळा नव्हता. वर्गात मी रोज फळ्यावर सुविचार लिहायचे, त्यात महिन्यातून दोनदा तरी सत्य यायचंच. घरी आले की वाटायचं, यानं एवढं एकदा गप्प बसायला काय हरकत होती.

कोर्ट बसायच्या आधी नवऱ्याला दहा दिवसांची सुट्टी मिळाली. आम्ही गावी होतो. आबा सकाळीच एक कागद घेऊन आले. धुळ्यात त्यांच्या ओळखीचा एक वकील होता, वाटण्या आणि बांधाची भांडणं चालवणारा. कोर्ट मार्शलमधलं त्याला तेवढंच कळत होतं जेवढं मला विमान चालवण्यातलं. पण त्यानं आबांना सांगितलं होतं की साक्षीदारानंच ॲफिडेव्हिट करून दिलं की मी काही पाहिलं नाही, तर केस उभीच राहत नाही. आणि आबांना ते पटलं. का पटू नये? आमच्याकडे रेशनकार्ड हरवलं तर ॲफिडेव्हिट, जन्मतारीख चुकली तर ॲफिडेव्हिट, नावातला एक काना जास्त पडला तर ॲफिडेव्हिट. स्टॅम्पपेपर, फोटो, गोल शिक्का, की झालं ते खरं. आबांच्या सत्तर वर्षांत या कागदाला एकही सरकारी माणूस नाही म्हणाला नव्हता.

नवऱ्यानं कागद दोनदा वाचला, होता तसा घडी करून आबांच्या हातात परत दिला.

"आबा, मी देखेल शे," तो म्हणाला.

"तो तुन्हा भाऊ शे."

"त्याना हात बांधेल व्हतात, आबा."

आबांनी कागद पिशवीत ठेवला. नवरा उठून मोटारीचा स्टार्टर बघायला विहिरीवर गेला. मी चहा ठेवला, तो आबांनी घेतला नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसानं चहा न घेता उठणं ही साधी गोष्ट नाही, आणि मला नवऱ्याचाच राग आला. तो खरं बोलतो म्हणून नाही. त्याला खरं बोलणं इतकं सोपं जातं आणि त्याची किंमत गावात बसून मी चुकवते, म्हणून.

दोन दिवसांनी आम्ही धुळ्याला परतलो. नवरा पोरीला भेटायला जळगावला गेला, ती आता कॉलेजसाठी तिथं होस्टेलवर होती. त्याच दुपारी आबा आणि काकू, म्हणजे माझी चुलतसासू, देवपुरातल्या खोलीवर आले. काकू आत आल्या आणि माठाजवळ भिंतीला टेकून खाली बसल्या. पाणी दिलं ते हातात धरून ठेवलं. त्या बाईनं माझ्या बाळंतपणात सव्वा महिना मला उठू दिलं नव्हतं. पोरीला तेल लावून, शेकून, पायावर घेऊन अंघोळ घालणारी तीच.

"मन्हा पोर्‍याले फाशी व्हयी का वं?" एवढंच एक त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही हो काकू, असं काही होत नाही. मला यातलं काही माहीत नव्हतं. मग आबांनी पिशवीतून तोच कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"तू त्यान्या सह्या गॅसले, सोसायटीले, बठ्ठीकडे करस ना माय," ते म्हणाले. "हाई बी एक करी टाक."

मी केली.

त्या वेळी मनात काय होतं ते आता नीट सांगता येईल असं वाटतं, कारण तेव्हापासून हजार वेळा स्वतःला सांगून झालं आहे. मला वाटलं, फौजेचं कोर्ट कुठं हजार मैलांवर, तिथं धुळ्याचा स्टॅम्पपेपर कोण विचारतो. आबांच्या ट्रंकेत पडून राहील, म्हातारीला झोप लागेल. असंही वाटलं की झालाच उपयोग तर बरंच, दीर सुटेल, गावात माझं जाणं-येणं मोकळं होईल, आणि नवऱ्यावर खोटं बोलल्याचा बोल लागणार नाही, कारण खोटं मी लिहून दिलेलं असेल. दोन्ही गोष्टी एकदम वाटल्या. तो माणूस, खेचरवाला, मनात आला नाही. इतक्या वर्षांची सवय, सही अगदी झकास आली.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून बसणाऱ्यांपैकी एकानं नवऱ्याचा जुना फोटो चिकटवला, शिक्का मारला आणि रजिस्टर पुढं सरकवलं. त्यातही मीच सही केली. त्यानं वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. रात्री नवरा परत आला तेव्हा पोरीच्या मेसबद्दल बोललो. कागदाचं मी काही सांगितलं नाही. चार दिवसांनी तो गेला.

मग बरेच महिने तो, कोर्ट बसलं होतं त्या लांबच्या ठाण्यावर साक्षीदार म्हणून अडकून होता. माझ्या इथं स्कॉलरशिपच्या परीक्षा, पोषण आहार, जनगणना, जे काही मास्तरांच्या माथी मारता येतं ते सगळं चालू होतं. एके दिवशी मधल्या सुट्टीत आबांचा फोन आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा होता.

"कागद कामले उना, माय."

मी व्हरांड्यात उभी होते. पोरं खिचडीची ताटं घेऊन रांगेत बसली होती. मला आधी आनंदच झाला, हे कबूल करते. दीर सुटला याचा आनंद. आबा पुढचं सांगत गेले तसा तो ओसरला.

नवऱ्याची साक्ष सकाळी झाली होती. त्यानं सगळं सांगितलं, किटली, दहा पावलं, खाली घातलेली मान, बांधलेले हात. ऐकणाऱ्यांना पटलंही होतं म्हणे. जेवणाच्या सुट्टीनंतर दिराच्या वकिलानं धुळ्याचा कागद काढला. त्यावर लिहिलेलं, मी घटना घडताना तिथं नव्हतो, मी काही पाहिलं नाही, आधीचा जबाब गैरसमजातून दिला. तारीख पाहिली, तर त्या तारखेला साक्षीदार सुट्टीवर घरी होता, रजिस्टरला नोंद. मग विचारलं, ही सही तुमची आहे का. तो कागदाकडे बघत राहिला. सही माझीच आहे, असं म्हणाला. मग खरं कोणतं, हे की ते? तो म्हणाला, आज सांगितलं ते. पण एकदा लिहून दिलेलं फिरवणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार. दुसरा पाहणारा कुणी नव्हताच, आणि मनगटांवरचे वळ आधी बांधल्याचे, दोरी पाणी प्यायला सोडली होती, हे दिराचं म्हणणं खोडायला कुणी उरलं नाही. खुनाच्या आरोपातून दीर सुटला. पहाऱ्यात हयगय केली एवढंच त्याच्यावर सिद्ध झालं, वर्ष-दोन वर्षांची सेवा कापली गेली आणि तो परत पलटणीत रुजू झाला.

माझ्या नवऱ्यालाही मग साहेबांपुढं उभं केलं. खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याबद्दल सक्त ताकीद मिळाली, कागदोपत्री लाल शेरा पडला. सुभेदारीची वाट बघत होता, ती वाटच बंद झाली.

तो पुढच्या सुट्टीत आला. मी दार उघडलं. मला वाटलं, आता विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं, एक नाही, तीन-चार. त्यानं बूट काढले, पाणी प्यायला, विचारलं, कूलरचा पंप बदलला का. संध्याकाळपर्यंत कूलर उघडून बसला होता. मी मागं उभी राहून त्याला पाना, पक्कड देत होते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. शिवी दिली असती तर मी तरी चार शब्द बोलले असते. सही माझीच, असं त्यानं कोर्टात का म्हटलं ते मला विचारायची गरजच नव्हती. सही माझी नाही म्हटलं असतं की पुढचा प्रश्न, मग कुणाची? आणि त्या प्रश्नाच्या शेवटी मी होते, माझी नोकरी होती, खोट्या सहीचा गुन्हा होता. त्यानं ते सगळं कोर्टात उभ्या उभ्या, एक कागद वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मोजलं. त्यानंतर आम्ही कितीतरी वर्षं त्यावर बोललो नाही. जेवणखाण, पोरीचं लग्न, सगळं नीट झालं. फक्त घरात एखादा सहीचा कागद आला की दोघांपैकी कुणीतरी उठून दुसऱ्या खोलीत जायचं.

तो हवालदार म्हणूनच निवृत्त झाला. आमच्याकडे फौजी निवृत्त होऊन आला की गाव त्याची मिरवणूक काढतं. उघडी जीप, झेंडे, डीजे, दारोदार औक्षण, हायवेच्या फाट्यावर बॅनर. त्याच्यासाठी काही निघालं नाही. भाऊ भावाविरुद्ध बोलला, हे गाव विसरलं नव्हतं. तो जळगाव स्टेशनवर उतरला, एरंडोल, पारोळा करत एसटीनं धुळ्याला आला आणि रिक्षातून ट्रंक उतरवून घेताना मला म्हणाला, जपून, हँडल तुटलं आहे. महिन्याभरानं एका बँकेच्या दारात गार्ड म्हणून लागला. दिवसभर उभं राहायचं, ते त्याला जमतं.

गेल्या वर्षी दीर निवृत्त झाला.

मिरवणुकीचं आमंत्रण द्यायला आबा स्वतः धुळ्याला आले. आता काठी टेकत चालतात. मला वाटलं, नवरा जाणार नाही. त्यानं पांढरा शर्ट इस्त्री केला आणि मोटारसायकल पुसली. फाट्यावर बॅनर, दिराचा वर्दीतला फोटो, खाली भाऊबंदांची तीस-चाळीस नावं. जीपवर दीर उभा, गळ्यात हारच हार. पार वाळला होता. लोक ओरडत होते तेव्हा हात वर करायचा, पण थोडा उशिरा, कुणीतरी आठवण केल्यावर. मंदिरासमोरच्या मांडवात सत्कार झाले. सरपंच, गुरुजी, माजी सैनिक. आणि मग आबांनी माईक हातात घेतला आणि मला वर बोलावलं.

मला वाटलं, औक्षणाला. काकूंनी माझी ओटी भरली, अंगावर जरीची साडी ठेवली. आबा माईकमधून सगळ्या गावाला म्हणाले, "ह्या सूननी मन्हा पोर्‍याले घर आनं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय केलं ते सगळ्यांना माहीत होतं, मला तेव्हा कळलं. अख्ख्या गावाला. मी ज्याला पाप समजून इतकी वर्षं पोटात दाबलं होतं, ते गावात कौतुकानं तोंडोतोंडी झालं होतं. ज्या बायका मला बघून कणगीकडं पळायच्या त्या पहिल्या रांगेत बसून हसत होत्या. दीर पाया पडायला वाकला. "वहिनी," एवढंच म्हणाला. त्याचे हात थंड होते. खाली नवरा खुर्चीवर बसला होता, त्यानंही दोन टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी नवरा परात मांडीवर घेऊन शेंगा फोडत बसला होता. मी ती साडी कपाटात कुठं ठेवावी म्हणून फिरत होते. शेवटी मीच म्हटलं, कशाला गेलो आपण. तुम्ही कशाला टाळ्या वाजवल्या. तुम्ही मला कधी एका शब्दानं बोलला नाहीत. मला वाटत होतं तुम्ही मला वाचवलं, आणि त्याचंच ओझं होतं. आता हे लोक मलाच ओवाळताहेत.

तो शेंगा फोडत राहिला. मग शांतपणे, जणू बँकेतलं काही सांगतोय असं, सांगू लागला.

त्या दिवशी कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली एक बाई बसली होती. खेचरवाल्याची बायको. कपडे ओळखायला तिला बोलावलं होतं, तिची साक्ष आदल्या दिवशी होऊन गेली होती, तरी ती गेली नव्हती. बरोबर भाऊ होता, त्याला थोडं हिंदी येत होतं. सकाळची साक्ष संपवून माझा नवरा जेवायला बाहेर आला तेव्हा तिनं भावाकरवी त्याला विचारलं, तुम्हीच पाहिलं ना? सांगितलं का आत? नवरा म्हणाला, हो, पाहिलं तेवढं सगळं सांगितलं. तिनं त्याचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. तिच्या भाषेत काहीतरी बोलत राहिली. भाऊ म्हणाला, ती म्हणते, माझ्या माणसाचं खरं बोलणारा या जगात एक तू आहेस.

"मंग जेवानंतर मी मझार गऊ, कोर्टमा," नवरा म्हणाला. "माले इचारं, सही तुन्ही शे का. मी कागद देखा, तुन्हं वळण देखं, अन् सांगं, मन्हीच शे."

मी विचारलं, आणि ती?

"ती तठेच बशेल व्हती. संध्याकायपावत." त्यानं परातीतली टरफलं बाजूला केली. "मी मांगला दारतीन निंघी गऊ."

मी साडी हातात घेऊन तशीच खाली बसले. इतकी वर्षं मी समजत होते की त्यानं माझ्यासाठी स्वतःचं काही दिलं, बढती, मान, मिरवणूक. ते तर दिलंच. पण मला वाचवायला त्यानं जे खरं खर्च केलं ते त्याचं नव्हतंच. ते त्या बाईचं होतं, सकाळी तिच्या हातात दिलेलं आणि दुपारी काढून घेतलेलं. आणि ते काढून घेणारी सही माझी होती.

तिला हे माहीत आहे का, मी विचारलं. तो म्हणाला, निकाल तिला कळला असेल. आपण ज्याचे हात कपाळाला लावले तोच खोटारडा निघाला, असंच तिला वाटत असेल. तिच्या गावाचं नाव आठवतं का, असं विचारलं, तर त्यानं लगेच सांगितलं. गाव, तहसील, भावाचं नाव. खेचरवाल्याचं नावही सांगितलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं.

माझ्या निवृत्तीला दीड वर्ष आहे. कुणी म्हणेल, थांब, पेन्शन सुरू होऊ दे. मीही तसं म्हणून पाहिलं स्वतःला, आणि ते किती सहज म्हणता येतं ते पाहून थकून गेले. परवा शाळेतून आल्यावर हिंदीत पत्र लिहायला बसले. नवरा समोर होता, त्यानं थांबवलं नाही. बहनजी, आपके सामने जिसने सच कहा था, वह झूठा नहीं था. वह दस्तख़त मैंने किया था. एवढं लिहून झालं. पुढं क्यों, असं तिनं विचारलं तर काय लिहायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.